विमा कंपनीचं स्थळ

काकूंना कुणी सांगितलं की अमका माणूस फार चांगला आहे, की त्या आधी विचारायच्या, "कुणी सांगितलं?"

ज्यानं सांगितलं त्याचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "त्याचं काय काम पडलं होतं याच्याशी?" कामच पडलेलं नसेल तर काकू नुसतं "हं" म्हणून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालायला लागायच्या. त्या एका "हं"मध्ये सांगणारा, ज्याच्याविषयी सांगितलं तो आणि ऐकून आलेला मी, असे तिघेही एकदम निकालात निघायचो.

काकू म्हणजे माझ्या ऑफिसातल्या सहकारिणीच्या आई. डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये ती आणि आम्ही एकाच वसाहतीत भाड्यानं राहायचो. २०२०च्या सुरुवातीला काकू लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याहून आल्या. उन्हाळ्यात परत जायचं तिकीट होतं. मग विमानंच बंद पडली. काकू आयर्लंडमध्ये अडकल्या असं सगळे म्हणायचे. आयर्लंड काकूंच्या तावडीत अडकलं असं माझं मत होतं, पण ते मी बायकोपुरतंच ठेवलं होतं.

पुण्यात काकूंची ख्याती होती ती स्थळाच्या चौकशीसाठी. लग्नं जमवणं हे त्यांचं काम नव्हे. त्यासाठी इतर हौशी मंडळी असतात. जमत आलेलं लग्न तपासून घ्यायचं असलं की भाचे-पुतण्यांपासून समोरच्या बिल्डिंगमधल्यांपर्यंत सगळे काकूंकडे यायचे. काकू मुलाच्या घरी कधी जायच्या नाहीत. त्या जायच्या त्यांच्या इस्त्रीवाल्याकडे, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. पगार, शिक्षण, स्वभाव यांतलं काहीही विचारायच्या नाहीत.

"लग्नाच्या वेळी वाईट कोण असतं रे?" त्या मला म्हणाल्या होत्या. "घरात दुखणं आलं की काय करतात, तेवढंच विचारायचं."

एका पुतणीसाठी आलेलं सोन्यासारखं स्थळ त्यांनी औषधवाल्याच्या एका वाक्यावर मोडलं होतं. मुलाचे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा औषधं न्यायला घरचं कुणी यायचं नाही, शेजारचे आजोबा यायचे, असं तो बोलून गेला. काकू तिथून बामची डबी घेऊन थेट घरी आल्या आणि मुलीच्या आईला नकार कळवायला सांगितलं. ती पुतणी पुढे कुणाच्या घरी पडली आणि सुखी झाली की नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काकूंनी "कुणी सांगितलं विचारायला?" असं म्हणायलाही कमी केलं नसतं.

इतकी कर्तबगार बाई लॉकडाऊनमध्ये घरात बसली. तपासायला स्थळ नाही, माणसं मास्कमागे. काही दिवस त्यांनी हवामान खात्यावर भागवलं. "पाऊस नाही म्हणाले होते ना? कुणी सांगितलं?" जावई बिचारा फोन पुढे करायचा. अशा त्या रिकामपणात आमचं घर त्यांच्या हाती लागलं.

आमचे घरमालक राहतं घर विकायला काढणार होते. लॉकडाऊनमुळे घर रिकामं करायला मुदत मिळाली होती, पण निर्बंध उठले की आम्ही रस्त्यावर. भाड्याची घरं मिळत नव्हती. अशात एक विकाऊ घर आमच्या ऐपतीत सापडलं, तेही क्लोनडॉकिनमध्येच, चालत जाण्यासारखं. छोटंसं, मागे बाग, बागेच्या पलीकडे झाडी आणि झाडीच्या आड नदी. नदी म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढी. बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती नदी पाहिली आणि तिथेच मनानं राहायला गेली. कुंड्या कुठे ठेवायच्या, डबे कुठल्या प्रेसमध्ये लावायचे, सगळं ठरलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि बायको ते इतक्या आयरिश थाटात म्हणायला लागली होती की तिला नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती.

किंमत ठरली, वकील ठरला, बँक तयार झाली. राहिला विमा. घराचा विमा उतरवल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. गाडीचा विमाही त्याच सुमाराला संपत होता. मी आम्हा ऑफिसातल्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे एक्सेलमध्ये तक्ता केला. कंपन्या, हप्ते, लोकांनी वेबसाइटवर दिलेल्या चांदण्या. घर आणि गाडी दोन्ही एकाच कंपनीला दिली तर सूट मिळत होती, ती पिवळ्या रंगानं रंगवली. तक्ता इतका देखणा झाला होता की तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. सहकारिणीच्या अंगणात दोन मीटर लांब बसून चहा चालला होता, तिथे मी लॅपटॉप उघडला.

काकूंनी चष्मा लावला. "ह्या चांदण्या देणारे कोण?"

"ग्राहक आहेत, काकू."

"यांची गाडी ठोकली होती? घराला आग लागली होती?"

"तसं नाही. पॉलिसी घेताना कसा अनुभव आला, ते लिहितात."

"म्हणजे साखरपुड्याचं जेवण कसं होतं ते लिहितात," काकू म्हणाल्या. "आणि हे पिवळं काय?"

मी सूट समजावून सांगितली.

"दोन बहिणी एकाच घरात देतोस? एकीचं बिनसलं तर दुसरीनं जायचं कुठं?"

माझ्या सहकारिणीनं चहाच्या कपात हसून घेतलं. माझा तक्ता तिथेच वारला.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी कंपन्यांची चौकशी सुरू केली. त्यांना कंपन्यांची इंग्रजी नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली. एकीला फोन केला की अर्धा तास नुसतं संगीत वाजायचं, ती वाजंत्रीवाली. एकीची माणसं प्रत्येक वाक्याला "लव्हली" म्हणायची, ती गोडबोली. आणि एकीची माणसं विचारल्याखेरीज बोलत नसत, विचारलं तर तेवढ्यालाच उत्तर देत, ती घुमी. घुमीचे हप्ते जरा चढे होते आणि चांदण्या कमी. मी ती तक्त्यात सगळ्यात खाली टाकली होती.

काकूंचा इस्त्रीवाला इथे कोण असणार? त्यांनी तो बरोब्बर शोधला. बिझनेस पार्कमध्ये गाड्यांचे पोचे काढणारं एक गॅरेज होतं. लेकीच्या गाडीला सुपरमार्केटच्या ट्रॉलीचा ओरखडा होताच. तो घेऊन काकू जावयाबरोबर तिथे गेल्या. जावई सांगतो की मास्क घातलेल्या काकूंनी तेलकट हातांच्या त्या आडदांड माणसाला पहिलाच प्रश्न टाकला, "व्हिच कंपनी गिव्ह यू हेडेक?"

अशा प्रश्नाची तो माणूस कित्येक वर्षं वाट पाहत असावा. त्यानं काकूंना स्टूल दिलं आणि स्वतः गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. गोडबोलीचं नाव निघताच म्हणाला, "जीझस, दॅट क्राउड! दे'ड आर्ग्यू विथ अ लॅम्पपोस्ट." काकूंनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, "दिव्याच्या खांबाशीसुद्धा भांडतील म्हणाला. एकेका स्क्रूवरनं भांडतात." वाजंत्रीवालीची माणसं मान्य केलेलं काम नंतर नाकारतात. घुमीबद्दल मात्र तो म्हणाला, त्यांची माणसं वेळेवर येतात, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतात, हो म्हटलं की पुन्हा तोंड फिरवत नाहीत.

"बास. घुमी," काकू म्हणाल्या.

मला हे हास्यास्पद वाटत होतं आणि पटतही होतं. मी घुमीला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. काकू अंगणातल्या खुर्चीत परीक्षकासारख्या बसल्या होत्या. घर किती जुनं, छप्पर कसलं, कुलूप कुठलं. मग पलीकडून विचारलं, घरात कधी पुराचं पाणी शिरलं होतं का?

इस्टेट एजंटला मी हे विचारलं होतं. "नॉट टू माय नॉलेज," असं तो अगदी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला होता. मी "नो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. मी मुकाट्यानं उद्या फोन करतो म्हणून सांगितलं.

"काकू, एजंट म्हणालाय त्याला माहीत नाही."

"त्याला माहीत नाही हे मला कळलं. पाणी आलं होतं का ते कुठं कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू बाळाला ढकलगाडीत घालून त्या घराच्या दिशेनं चालत गेल्या. दोन घरं सोडून एक म्हातारे गृहस्थ कुंपण कापत होते. साठी-सत्तरीच्या माणसांना त्या दिवसांत सगळ्यांनी घरात कोंडून घातलं होतं, त्यामुळे त्यांना बोलायला कुणीच मिळालं नव्हतं. काकूंनाही मिळालं नव्हतं. दोघांची इंग्रजी वेगवेगळी होती, पण त्यानं काही बिघडलं नाही. बाळाचं कौतुक झालं, पावसाचं झालं. मग काकूंनी नदीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं कुंपण कापायची कात्री खाली ठेवली आणि स्वतःच्या गुडघ्याखाली हात धरून दाखवलं, इथवर. आमच्या त्या स्वयंपाकघरात खालच्या प्रेसमधली भांडी तरंगली होती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती.

काकू परत आल्या त्या सरळ आमच्या दारात. त्यांनी सांगितलं ते ऐकून बायको आत गेली आणि दार लावून घेतलं. मला पहिल्यांदा त्यांचा खरा राग आला.

"काकू, तुम्ही विचारलंच नसतं तर बरं झालं असतं."

"हो," काकू म्हणाल्या, "बरं झालं असतं." त्यांचा आवाज इतका साधा होता की मला पुढे भांडता येईना.

संध्याकाळी बायको लॅपटॉप घेऊन बसली. वाजंत्रीवालीचा विमा इंटरनेटवर मिळत होता. तिथे माणसाशी बोलावंच लागत नव्हतं, नुसत्या खुणा करायच्या. पूर आला होता का, नाही. पॉलिसी दोन मिनिटांत हातात. "आपल्याला ठाऊक आहे हे कुणाला ठाऊक आहे?" ती म्हणाली. सहकारिणीनंही फोनवर आईला दटावल्याचं सांगितलं, आता गप्प बस म्हणून. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. राहतं घर जाणार होतं आणि हवं ते घर एका खुणेच्या अंतरावर होतं.

काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आल्याच. फाटकापाशी उभ्या राहिल्या, मास्क लावून.

"कर खूण," त्या बायकोला म्हणाल्या. "घर तुझं आहे, मी कोण? पण मग त्याला विमा म्हणू नको. पाणी आलं की कंपनीची माणसं येतील आणि त्या म्हाताऱ्याशी बोलतील. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी अर्ध्या तासात काढलं, ते त्यांना निघणार नाही? चौकशी ते पण करतात गं. आपण लग्नाआधी करतो, ते नंतर करतात."

बायकोनं लॅपटॉप मिटला. काकूंकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळी मी घुमीला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडची बाई किलकेनी नावाच्या गावाहून बोलत होती. ती म्हणाली, "थँक्स अ मिलियन फॉर टेलिंग मी." आणि पुढे सांगितलं की या घराला पुराचं संरक्षण आम्ही देऊ शकत नाही. दुसरं कुणी देईल असं मला वाटत नाही. बँक बहुधा अडून बसेल, तेव्हा वकिलावर आणखी खर्च करण्याआधी बँकेला विचारा. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. विकायचं काहीच नसताना तिनं ते शेवटचं वाक्य कशाला सांगितलं, याचं मला नवल वाटलं.

काकूंचा चेहरा उजळला. "घुमीचंच घर चांगलं."

"काकू, त्यांनी नाही म्हटलंय!"

"तोंडावर म्हटलं ना? कारण सांगून म्हटलं ना? गाडी यांच्याकडेच दे."

बँकेनं खरंच नाही म्हटलं. घर गेलं. ज्या कंपनीनं आमचं घर बुडवलं तिलाच मी गाडीचा विमा दिला, तोही चढ्या हप्त्यानं. असा वधूपिता काकूंना पुण्यातही मिळाला नसता.

पुढे एका राउंडअबाउटवर एका व्हॅननं माझ्या गाडीला मागून धडक दिली. घुमीनं फोनवर आधी मला लागलंय का ते विचारलं, मग गाडीचं विचारलं आणि सांगितलेल्या दिवशी काम पुरं केलं. मी धावत जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि त्यांचा विरस झालेला दिसला.

"एवढ्याशा ठोकरीनं काय कळतं?" त्या म्हणाल्या.

बायको मात्र काकूंशी बोलायची बंद झाली. रस्त्यात दिसल्या तर इथल्यासारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून पुढे निघायची. ते घर एका आयरिश जोडप्यानं रोख पैसे देऊन घेतलं. बायको फिरायला म्हणून त्या बाजूनं जायची आणि घरी येऊन सांगायची, खिडकीत कुंड्या लावल्यात. नदी तेव्हापासून अगदी शहाण्यासारखी वागते आहे. पाणी कधी बागेपर्यंतसुद्धा आलेलं नाही. पाणी यावं असं मला कधी वाटलं नाही, पण थोडं तरी यायला काय हरकत होती, असं मात्र वाटलं आहे.

आम्हाला दुसरं घर मिळेना. निर्बंध सैल होत चालले तशी आमची मुदत संपत आली. बायको रोज जाहिराती बघायची आणि गप्प बसायची. मला तिचा तो गप्पपणा सोसवत नव्हता, आणि काकूंना दोष देता येत नव्हता म्हणून तर जास्तच.

२०२१मध्ये विमानं पुन्हा नीट सुरू झाली आणि काकूंचं जायचं ठरलं. आदल्या दिवशी मी बायकोला जवळजवळ ओढूनच त्यांच्याकडे नेलं. काकू वरच्या खोलीत बॅग भरत होत्या. खाली सहकारिणी बाळाला भरवत होती आणि तिचा नवरा ओट्यापाशी भांडी घासत होता.

"अजून रागावलीयेस ना आईवर?" सहकारिणीनं बायकोला सरळच विचारलं.

बायको बाळाचं लाळेरं सारखं करायला लागली.

"मीपण वर्षभर बोलत नव्हते तिच्याशी." तिनं गळ्याशी बोट नेलं. ड्रेसच्या काठाशी एक पांढरट रेघ वर आलेली दिसत होती. "लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय माझं. माझं लग्न ठरवायच्या वेळी सगळे म्हणायचे, आता बरी आहे ना, मग कशाला बोलायचं? आईनं प्रत्येक स्थळाला पहिल्याच भेटीत सांगितलं, चहा यायच्या आत. दोन घरं गेली. दुसरं तर मला फार आवडलं होतं."

"मग?" बायकोनं विचारलं.

"मग हे आले." तिनं ओट्याकडे मान हलवली. "यांच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, जिने चढताना दम लागतो का? आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. मला तो प्रश्न कसासाच वाटला. आता तिसरंही गेलं, असं धरून चालले मी. लग्न होऊन घरी गेले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक खुर्ची ठेवलेली होती."

नवऱ्यानं वळून न बघता सांगितलं, "अजून आहे. ती त्या खुर्चीवर एकदाही बसलेली नाही. सगळी बिल्डिंग बसते."

बाळानं तोंडातला भात फुर्र करून उडवला. कुणीच हसलं नाही. बायकोनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि उठून जिना चढून वर गेली. मी तिच्या मागे गेलो.

काकू उघड्या बॅगेपुढे जमिनीवर बसल्या होत्या. बायकोला दारात बघून त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. त्या क्षणी त्या अगदी बावरलेल्या दिसल्या, मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"काकू," बायको म्हणाली, "जाहिरातीतलं एक घर बघायचंय. आत्ता तासाभरात जाता येईल. तुम्हाला वेळ आहे?"

"बॅग काय, जावई भरेल."

"पण तिथं काही वाईट कळलं," बायको म्हणाली, "तर आधी मला सांगा. ह्याला मागाहून."

"बरं," काकू म्हणाल्या आणि कोट शोधायला उठल्या.